रेषेवरचा हक्क : चित्रकला शिक्षकाच्या प्रशिक्षणाचा इतिहास आणि आपण

दलित समाजाच्या शिक्षणाचा इतिहास आपण लिहितो तेव्हा तो बहुधा मॅट्रिक, बी. ए., वकिली आणि सरकारी नोकरी या वाटेने लिहितो. ही वाट बाबासाहेबांनी घालून दिली आणि तिने आपल्या काही पिढ्या माणसांत आणल्या, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. परंतु या हमरस्त्याच्या कडेने आणखी एक पाऊलवाट गेलेली आहे. शासकीय रेखाकला परीक्षा द्यायच्या, कला शिक्षक पदविकेचा म्हणजे ए. टी. डी. चा अभ्यासक्रम पुरा करायचा आणि शाळेत ‘ड्रॉइंग मास्तर’ म्हणून लागायचे, ही ती पाऊलवाट. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यातील कामगार वस्त्यांतून काही मुले या वाटेने गेली. मी त्यांपैकी एक. म्हणून या वाटेचा इतिहास मांडण्याचा थोडासा अधिकार मला आहे असे मी समजतो.

हा इतिहास केवळ एका नोकरीचा नाही. शाळेत चित्र काढायला कोणी शिकवावे, काय काढायला शिकवावे आणि तो अधिकार देणारी पदविका कोणाच्या हाती पडावी, हे प्रश्न वरवर किरकोळ वाटतात. पण ज्या समाजाला हजारो वर्षे अक्षराबरोबर प्रतिमाही नाकारली गेली, मंदिराच्या पायरीशीच थांबवले गेले, त्या समाजाला हे प्रश्न किरकोळ मानून चालणार नाही.

१

१८५६ आणि १८५७ ही दोन वर्षे आपण शेजारी शेजारी ठेवून पाहू. जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मागणाऱ्या एका महार मुलाला प्रवेश नाकारण्यात आला. त्याच वर्षी कल्याणच्या पुढे खोपोलीच्या दिशेने आगगाडी धावू लागली आणि अंबरनाथ-बदलापूरचा हा भाग मुंबईच्या हाकेच्या अंतरावर आला. मार्च १८५७ मध्ये मुंबईत सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून कलाशाळेचे वर्ग भरू लागले. आज आपण तिला सर ज. जी. कला महाविद्यालय म्हणतो. देणगी होती एक लाख रुपयांची, आणि ती १८५३ मध्ये देऊ केलेली होती. म्हणजे आधुनिक शाळा, आधुनिक वाहन आणि आधुनिक कलाशिक्षण हे तिन्ही एकाच वेळी आले. पण तिन्हींची दारे सर्वांना सारखी उघडली नाहीत.

कलाशाळा कशासाठी काढली गेली? येथे चित्रकार निर्माण व्हावेत, ही गोष्ट राज्यकर्त्यांच्या मनात दुय्यम होती. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात हिंदी कारागिरांच्या वस्तू पाहून इंग्रज थक्क झाले होते. ही कारागिरी टिकावी, तिला इंग्रजी पद्धतीचे रेखन शिकवावे आणि सरकारी बांधकामांना नकाशे काढणारे, साचे घेणारे, नक्षी कोरणारे हात मिळावेत, असा तो हिशेब होता. १८६५ मध्ये लॉकवुड किपलिंग येथे आले आणि सजावटीचे रंगकाम, मूर्तिकाम व लोखंडी नक्षीकाम यांच्या कार्यशाळा सुरू झाल्या. १८६६ मध्ये शाळेचा कारभार सरकारने हाती घेतला. १८७९ मध्ये रेखनाचे शिक्षण हा विषय म्हणून दाखल झाला. १८९१ मध्ये लॉर्ड रे यांच्या नावाने कलाकौशल्याच्या कार्यशाळा उभ्या राहिल्या आणि १८९३ मध्ये चित्रकला शिक्षकांना तयार करणारा वर्ग निघाला. महाराष्ट्रातील आजच्या कला शिक्षक पदविकेचे मूळ या १८९३ च्या वर्गात आहे.

या दोन तारखांत मला एक अर्थ दिसतो. १८९१ ची कार्यशाळा ही हाताने काम करणाऱ्यांसाठी, आणि १८९३ चा वर्ग हा शाळेत पगारावर शिकवणाऱ्यांसाठी. लोहार, सुतार, कुंभार, पाथरवट यांचा हात कार्यशाळेत गेला. मास्तर होण्यासाठी मात्र आधी शाळा शिकलेली असावी लागे. आणि शाळा कोण शिकलेला होता हे वेगळे सांगायला नको. श्रम एका बाजूला, शिकवण्याचा मान दुसऱ्या बाजूला, अशी ही जुनी वर्णव्यवस्थेची वाटणी नव्या संस्थेतही तशीच उमटली. त्यासाठी कोणी जातीचा नियम लिहून ठेवण्याची गरज पडली नाही. प्रवेशाची अटच ती वाटणी करीत होती.

याच काळात महात्मा फुल्यांनी या दुखण्यावर नेमके बोट ठेवले होते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळांतील शिक्षक जवळजवळ सगळे ब्राह्मण असल्याची तक्रार केली आणि शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत असे सुचवले. प्रसंगी नांगराचा रुमणा किंवा सुताराची वाकस हाती धरायला ज्याला लाज वाटणार नाही आणि जो खालच्या थरांतील लोकांत सहज मिसळेल, असा शिक्षक त्यांना हवा होता. फुल्यांच्या या मागणीकडे आपण सामाजिक अंगाने पुष्कळ पाहिले आहे. शिक्षणशास्त्राच्या अंगानेही ती पाहायला हवी. ज्ञान सांगणारा आणि हात चालवणारा हे एकच माणूस असले पाहिजेत, असा तिचा अर्थ होतो. शाळेत हे रोज करावे लागणारा शिक्षक कोण? चित्रकलेचा. त्याला नुसते सांगून भागत नाही, फळ्यावर काढून दाखवावे लागते.

२

आता अंबरनाथकडे येऊ. वालधुनीच्या काठी उभे असलेले काळ्या दगडाचे शिवमंदिर सर्वांना माहीत आहे. तेथील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० हा काळ आणि शिलाहार राजा माम्वाणी याचे नाव येते. भिंतींचा एक हातभर भाग कोरल्यावाचून सोडलेला नाही. राजाचे नाव आपल्यापर्यंत पोहोचले. ज्यांनी खाणीतून दगड काढला, ओढून आणला, घडवला, त्यांची नावे पोहोचली नाहीत.

या मंदिराचा आणि चित्रकला शिक्षणाचा थेट संबंध आहे, हे मात्र आमच्या भागातील शिक्षकांनाही फारसे ठाऊक नसते. १८६८ मध्ये सरकारने या मंदिराची मोजमापे, रेखाटने, छायाचित्रे आणि साचे घेण्याचे काम हाती घेतले. त्याची देखरेख मुंबईच्या कलाशाळेतील टेरी यांच्याकडे होती आणि हाताखाली रेखन शिकलेली माणसे होती. म्हणजे कलाशाळा उघडल्यावर अकराव्या वर्षी तिचे शिक्षण अंबरनाथच्या भिंतीसमोर येऊन उभे राहिले. खांबावरची एकेक वेल, एकेक मूर्ती कागदावर उतरली. पुढे जेम्स बर्जेस यांनी या मंदिराची माहिती ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापली.

मंदिर ज्यांनी घडवले त्यांचे ज्ञान पिढ्यान् पिढ्या हातातून हातात गेले होते. त्याला ना पदविका होती ना वर्ग. आठशे वर्षांनी त्याच कामाची नक्कल करायला शिकलेल्याला कलाशाळेत जागा मिळाली, कारण तो कागदावर, प्रमाणात, मोजून काढीत होता. मोजमाप आणि प्रमाण हे ज्ञानच आहे; त्याला मी नावे ठेवीत नाही. तक्रार आहे ती एवढीच की कागदावरचे ज्ञान शाळेत शिरले आणि दगडावरचे ज्ञान मजुरी म्हणून बाहेर राहिले. चित्रकलेच्या तासाला आजही वेलबुट्टीची नक्षी काढायला शिकवतात. ही नक्षी कोणत्या हातांनी निर्माण केली हे शिकवीत नाहीत.

३

अजिंठ्याची कथा याच धर्तीची आहे, आणि आपल्याला ती अधिक जवळची आहे. १८७२ पासून १८८५ पर्यंत जॉन ग्रिफिथ्स आणि कलाशाळेचे विद्यार्थी, त्यांत पेस्तनजी बोमनजी हेही होते, अजिंठ्याच्या लेण्यांत बसून भित्तिचित्रांच्या प्रती काढीत होते. त्यांतील बऱ्याच प्रती १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील आगीत जळाल्या. तरीही या कामातून ‘भारतीय चित्रकला’ नावाची एक परंपरा शाळेच्या अभ्यासक्रमात आली. अजिंठ्याची कमळे, हंस, हत्ती आणि पद्मपाणी यांची रेखाटने चित्रकलेच्या मुलांनी पिढ्यान् पिढ्या गिरवली.

पण ती बौद्ध कला आहे, समतेचा धम्म सांगणाऱ्या संघाच्या आश्रयाने वाढलेली कला आहे, हे आमच्या वर्गात कधी ठसवले गेले नाही. ‘अजिंठा शैली’ म्हणजे लांब डोळे आणि वळणदार बोटे, एवढेच उरले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि गावोगावच्या, वस्त्यावस्त्यांतल्या देव्हाऱ्यांतून देव उतरले. त्या रिकाम्या भिंतीवर काय लावायचे, हा प्रश्न लाखो घरांपुढे एकदम उभा राहिला. बुद्धाची आणि बाबासाहेबांची प्रतिमा ही त्या क्षणी कलेची हौस नव्हती, ती नव्या जीवनाची गरज होती. आणि या गरजेला उत्तर देणारे रेखनाचे शिक्षण आपल्यापैकी फार थोड्यांकडे होते.

बाबासाहेबांना स्वतःला ही गोष्ट कळत होती असे मला वाटते. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी चित्रकलेचे धडे घेतले आणि उघड्या डोळ्यांचा बुद्ध रंगवला. मिटल्या डोळ्यांच्या बुद्धापेक्षा जगाचे दुःख पाहणारा बुद्ध त्यांना हवा होता. ही एक धर्मविषयक भूमिका आहे आणि ती त्यांनी रेषेतून मांडली. २ एप्रिल १९६७ रोजी संसदेच्या आवारात त्यांचा पुतळा उभा राहिला. तो घडवणारे ब्रह्मेश वाघ मुंबईच्याच कलाशाळेत शिकलेले होते. पुढे १९६१ मध्ये नागपुरात जन्मलेल्या सवी सावरकरांनी गळ्यातले मडके आणि कमरेचा झाडू कॅनव्हासवर आणला. पेशवाईतील या गोष्टींचा उल्लेख बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातिनिर्मूलना’च्या न केलेल्या भाषणात केला होता. जे भाषणात लिहिले गेले ते चित्रात यायला अर्धे शतक लागले, कारण मध्ये शिक्षणाची एक पायरी होती आणि ती चढायला आपल्याला तेवढा वेळ लागला.

४

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या तीन गावांची घडण वेगवेगळी आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी पडली. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचे उल्हासनगर झाले. आजही लोक पत्ता सांगताना कॅम्प नंबर सांगतात. अंबरनाथला विमको काडेपेटीचा कारखाना, दारूगोळ्याच्या सामानाचा सरकारी कारखाना आणि १९५३ चा मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना आला. बदलापूरचे नाव आपल्या चळवळीच्या इतिहासात आहे. महाडच्या सत्याग्रहानंतर थोड्याच दिवसांनी, मे १९२७ मध्ये, बाबासाहेब तेथील शिवजयंती उत्सवाचे अध्यक्ष म्हणून गेले होते. या तिन्ही गावांत कारखान्यांच्या, नगरपालिकेच्या आणि रेल्वेच्या कामावर आपली माणसे आली, रुळांच्या कडेने आणि ओढ्यांच्या काठाने वस्त्या झाल्या.

व्यापाऱ्यांचे गाव म्हणजे पाट्यांचे गाव. दुकानाची पाटी, टेम्पोचा नंबर, सिनेमाची जाहिरात, निवडणुकीची भिंत, यांवर पेंटरचे पोट चाले. वस्तीतला चित्र बरे काढणारा मुलगा आधी पेंटरच्या हाताखाली जाई. सुताला खडू लावून रेघ उडवणे, अक्षराची आउटलाइन मारणे, उस्तादाने आखलेल्या अक्षरात रंग भरणे, टर्पेंटाइनने ब्रश धुणे, हे त्याचे पहिले शिक्षण. याच मुलांनी आपल्या विहारांची नावे लिहिली, पँथरच्या शाखांचे फलक रंगवले, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीचे देखावे उभे केले. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. या सोळा वर्षांत मोर्चांत जी हजारो कापडी बॅनरे फडकली, त्यांवरची अक्षरे अशाच हातांची होती. त्या अक्षरांखाली कोणाची सही नाही.

पेंटर आणि ड्रॉइंग मास्तर यांच्यामध्ये पदविकेची भिंत होती. एकाला दिवसाची मजुरी, दुसऱ्याला महिन्याचा पगार. एकाला लोक ‘ए पेंटर’ म्हणत, दुसऱ्याला ‘सर’. ही भिंत ओलांडण्यासाठी आधी एलिमेंटरी आणि मग इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा द्याव्या लागत. १९६५ मध्ये राज्यात स्वतंत्र कला संचालनालय झाले आणि या परीक्षा व पुढच्या पदविका त्याच्या अखत्यारीत आल्या. १९७७ चा खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांचा अधिनियम आणि १९८१ ची नियमावली यांनी शिक्षकांच्या नेमणुकीला, पात्रतेला आणि पगाराला कायद्याचा आधार दिला. मागासवर्गीयांसाठी राखीव जागांची तरतूदही त्या नियमांत आली. तेव्हापासून पदविका म्हणजे फळ्यासमोर उभे राहण्याचा परवानाच झाला.

मी हा अभ्यासक्रम ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला केला. त्यात काय शिकवीत ते थोडक्यात सांगतो, कारण बाहेरून तो चित्रे काढण्याचा खेळ वाटतो. वस्तुचित्र, निसर्गचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन आणि फळ्यावरचे रेखन. यांखेरीज शिक्षणाची तत्त्वे, पाठाचे टाचण आणि शाळेत जाऊन द्यायचे सराव पाठ. हात लांब करून पेन्सिलीने माप घ्यायचे. मडक्याचे तोंड गोल असले तरी डोळ्याच्या पातळीखाली ते लंबवर्तुळ दिसते, आणि जसे खाली जाल तसे ते अधिक उघडते, हे आधी पाहायचे आणि मग काढायचे. फळ्यावर काढताना वर्गाकडे पाठ न करता बाजूला उभे राहायचे. डोळ्याला जे माहीत आहे ते काढू नये, जे दिसते ते काढावे, ही या शिक्षणाची पहिली शिस्त. माझ्या मते ती विचाराचीही शिस्त आहे. सांगोवांगी गोष्टीवर विश्वास न ठेवता स्वतः पाहून घ्या, हे तथागतांनीही सांगितलेलेच आहे.

पण हे शिक्षण स्वस्त नव्हते. फीचा भार शिष्यवृत्तीने उचलला. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून अनुसूचित जातींना मिळू लागली, त्यामागे बाबासाहेबांचे प्रयत्न होते. तिच्यामुळेच आम्ही वर्गात बसलो. शिष्यवृत्तीच्या हिशेबात पुस्तके आणि फी बसत होती. ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, जाड कागदाच्या शीट, जलरंग, पोस्टर रंग, चांगल्या केसांचे ब्रश हे सारे नीट बसत नव्हते. बी. ए. चे पुस्तक ग्रंथालयातून मिळते. रंग वापरला की संपतो. शिवाय शिष्यवृत्तीचे पैसे वर्ष संपता संपता येत आणि शीट मात्र पहिल्या आठवड्यात लागे. आम्ही शीटच्या दोन्ही बाजू वापरल्या. रविवारी पाट्या रंगवून सोमवारचे रंग घेतले. म्हणजे मजुरीचा पेंटर आतल्या विद्यार्थ्याला पोसत होता.

वर्गातली एक गोष्ट येथे नमूद करतो. स्मरणचित्राला ‘एक सण’ असा विषय होता. मी भीमजयंतीची मिरवणूक काढली. निळे झेंडे, लेझीम, ट्रकवरची तसबीर, कडेला पाण्याचा माठ घेऊन उभ्या बाया. शिकवणाऱ्यांनी रचनेचे कौतुक केले, गुणही दिले, आणि मग म्हणाले, “परीक्षेत असं काढू नका हो. तपासणारा कोण असेल सांगता येत नाही. दिवाळी काढा, गणपती काढा.” त्यांच्या मनात वाईट नव्हते. मला नापास होऊ द्यायचे नव्हते एवढेच. पण त्या एका वाक्यात सगळी व्यवस्था बोलत होती. स्मरणचित्र म्हणजे आठवणीतून काढायचे चित्र. आमची आठवण परीक्षेत चालत नव्हती. दुसऱ्याची आठवण आपली म्हणून काढावी, तेव्हा पास होता येत होते. अक्षरांच्या शिक्षणात हेच आपल्या साहित्यिकांनी भोगले आणि त्यांनी त्याविरुद्ध लिहिले. रेषेच्या शिक्षणात तो विद्रोह अजून पुरता झालेला नाही.

५

शाळेत लागल्यावर चित्रकलेच्या शिक्षकाचे स्थान कळते. गणिताचा शिक्षक रजेवर असला की चित्रकलेचा तास जातो. परीक्षा जवळ आली की तो तास पहिल्यांदा बंद होतो. गॅदरिंगचा पडदा, पाहुण्यांच्या स्वागताचा फलक, निवडणुकीची कामे, हे सारे त्याच्याकडे. गावातले जुने बलुते जणू शाळेत आले. तरीही मी ही नोकरी हलकी मानली नाही. ज्या मुलाला वाचन जमत नव्हते, ज्याला इतर तासांना ‘ढ’ म्हणून मागे बसवले जात होते, तो मुलगा चित्रकलेच्या तासाला पुढे येत असे. बिगारी कामाला आईबरोबर जाणारी मुलगी विटांच्या थराचे चित्र असे काढी की प्रमाण वेगळे शिकवावे लागत नसे. त्यांच्या हातात जे ज्ञान होते ते शाळेने पहिल्यांदा याच तासाला मान्य केले.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाचा आग्रह धरला, तेव्हा वाटले की हात आणि डोके यांतली दरी शाळा बुजवील. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, शंभरापेक्षा अधिक मुले असतील तर, कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी निदेशक द्यावेत असे आहे. पण शब्द काय आहे? ‘अंशकालीन’. विज्ञान-गणित, समाजशास्त्र आणि भाषा यांना शिक्षक, आणि कलेला अंशकालीन निदेशक. ज्या कायद्याने आपल्या मुलाला शाळेचा हक्क दिला त्याच कायद्याने आपल्या मुलाला मिळू शकणारी एक पूर्ण वेळेची नोकरी अर्ध्यावर आणली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कला आणि विज्ञान, अभ्यासक्रमातले आणि अभ्यासक्रमाबाहेरचे यांच्यात पक्क्या भिंती नसाव्यात असे लिहिले आहे. धोरण भिंत पाडायला सांगते, आणि भिंत पाडणारा माणूस तासिकेवर नेमला जातो.

आरक्षणाच्या दृष्टीनेही एक पेच आहे. एकाकी पदाला, म्हणजे ज्या संवर्गात एकच जागा आहे अशा पदाला, आरक्षण लावता येत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये ठरवले. शाळेत चित्रकलेचा शिक्षक बहुधा एकच असतो. एका शाळेपुरते पाहिले तर जागा खुली. संस्थेच्या सगळ्या शाळा मिळून बिंदुनामावली लावली तर राखीव जागा निघते. हा हिशेब कोण करतो आणि कोण तपासतो, यावर आपल्या उमेदवाराचे भवितव्य ठरते. आपल्या शिक्षक संघटनांनी बिंदुनामावली पाहताना भाषा-गणिताच्या जागांबरोबर कलेची जागाही मोजली पाहिजे.

दुसरीकडे परीक्षांचे काय झाले ते पाहा. इंटरमिजिएट रेखाकला परीक्षेच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळू लागले. गुण मिळतात म्हटल्यावर सुस्थितीतील घरांचे लक्ष या परीक्षांकडे गेले. शाळेत शिक्षक असो नसो, त्यांची मुले खाजगी क्लासला जातात. नगरपालिकेच्या शाळेतला मुलगा मात्र शाळेतल्या शिक्षकावर अवलंबून. तेथे शिक्षक नसेल तर परीक्षेचा अर्जही भरला जात नाही. म्हणजे ज्या तासाला त्याचा हात मान्य होत होता, त्याच तासाचे गुण आता दुसऱ्याच्या पदरात पडतात. आणि पेंटरचा धंदा? फ्लेक्स छापणाऱ्या यंत्राने तो जवळजवळ संपवला. पूर्वी पदविका नाही मिळाली तर पाटी तरी होती.

६

मग करायचे काय? केवळ खंत व्यक्त करून लेख संपवणे मला मान्य नाही.

पहिली गोष्ट मागणीची. कलेच्या शिक्षकाचे पद पूर्ण वेळेचे असावे, ही मागणी आजवर कला शिक्षकांच्या संघटनांनी एकट्याने लढवली. ती दलित आणि बहुजन चळवळीच्या जाहीरनाम्यात आली पाहिजे. ती नोकरीची मागणी आहेच, पण हाताच्या ज्ञानाला शाळेत स्थान देण्याचीही मागणी आहे, आणि फुल्यांनी १८८२ मध्ये मांडलेल्या भूमिकेचा तो पुढचा टप्पा आहे.

दुसरी गोष्ट साहित्याच्या खर्चाची. कलाशिक्षण घेणाऱ्या मागासवर्गीय विद्यार्थ्याला रंग, कागद आणि साधने यांसाठी वेगळी रक्कम, आणि तीही वर्षाच्या सुरुवातीला मिळाली पाहिजे. फी माफ करून साहित्य विकत घ्यायला लावणे म्हणजे विहिरीवर जाऊ देऊन दोर न देणे आहे.

तिसरी गोष्ट आपल्या हातातली. आपल्या विहारांत अभ्यासिका चालतात, स्पर्धा परीक्षांचे वर्ग चालतात. तेथे रविवारी दोन तास रेखाकला परीक्षेचा वर्ग चालवायला काय लागते? एक फळा, खडू, चार मडकी, चार कांदे-वांगी आणि एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर. असे मास्तर आमच्या पट्ट्यात आहेत. त्यांना कोणी बोलावीत नाही.

चौथी गोष्ट शिक्षकांसाठी. स्मरणचित्राचा विषय देताना मुलांच्या आठवणींना वाव द्या. नाक्यावर कामाची वाट पाहणारे मजूर, नळावरची रांग, सातच्या लोकलची गर्दी, बुद्धपौर्णिमा, ईद, चालिहो, चौदा एप्रिल. आमच्या भागातील वर्गात सिंधी, उत्तर भारतीय, आगरी, आदिवासी, बौद्ध मुले शेजारी शेजारी बसतात. प्रत्येकाने आपला सण काढला तर त्या वर्गाला राष्ट्रीय एकात्मतेवर वेगळे भाषण द्यावे लागणार नाही.

पाचवी गोष्ट इतिहासाची, आणि ती विद्यार्थ्यांनी करावी अशी माझी अपेक्षा आहे. अंबरनाथच्या मंदिराचे पाथरवट आता सापडणार नाहीत. पण नामांतराची बॅनरे लिहिणारे, विहारांच्या भिंती रंगवणारे, वस्तीतल्या पहिल्या पुतळ्याचा चबुतरा आखणारे पेंटर आणि मास्तर काही अजून हयात आहेत. त्यांची नावे, त्यांची प्रशिक्षणे, त्यांनी वापरलेले रंग, मिळालेली आणि बुडालेली मजुरी, हे सारे लिहून घ्या. आपल्या कवींच्या मुलाखती झाल्या, शाहिरांच्या वह्या छापल्या गेल्या. रेषा काढणाऱ्यांकडे अजून कोणी वही घेऊन गेलेले नाही. त्यांच्यातले बरेच जण सत्तरीच्या पुढे आहेत, म्हणून हे काम या वर्षीच सुरू झाले पाहिजे.